रम वा गरम

मिश्रण हा आपला विषय आहे, असं थेंबे नेहमी सांगायचा, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. काचेच्या नळीतून एकेक थेंब पाण्यात सोडायचा आणि पाण्याचा रंग बदलतो का ते बघत बसायचं, हे त्याचं काम. म्हणून तिथल्या लोकांनी त्याला थेंबे म्हणायला सुरुवात केली. पुढे ते नाव अंगात इतकं मुरलं, की कुणी खऱ्या आडनावाने हाक मारली तर तो बाजूला सरकून मागच्या माणसाला वाट करून द्यायचा.

पाण्यात काय किती घालायचं हे ज्याला कळलं त्याला जगात काहीही बनवता येतं, असं त्याचं ठाम मत होतं. बायकोचं मत निराळं होतं. तिची स्वतःची लहानशी बेकरी होती, पाव आणि केकची, आणि मिश्रण म्हणजे काय हे तिला थेंबेच्या चार पावलं पुढचं कळत होतं. घरातल्या स्वयंपाकघरात तिने थेंबेला दोनच गोष्टींची मुभा दिली होती. एक म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणं आणि दुसरी म्हणजे त्या भरून झाल्यावर बाहेर जाणं.

गेले दोन आठवडे थेंबेच्या घरी सासरे मुक्कामाला होते. सासऱ्यांची ओळख करून द्यायची तर आधी त्यांच्या नाकाची करून द्यावी लागते. ते निवृत्त होण्यापूर्वी बस डेपोत नियंत्रक होते. पहाटे पहिली गाडी सुटण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने त्यांच्या टेबलासमोर येऊन उभं राहायचं. ते म्हणायचे, 'फू कर.' ड्रायव्हर फू करायचा आणि सासऱ्यांचं नाक निकाल द्यायचं. निकाल चांगला लागला तर गाडीची चावी मिळायची, नाही तर माणूस पायी घरी. पुढे डेपोत वास ओळखायचं यंत्र आलं. यंत्राचा आणि नाकाचा एकदा मतभेद झाला, तेव्हा यंत्र दुरुस्तीला पाठवण्यात आलं.

ड्रायव्हर मंडळी त्यांना फूसाहेब म्हणायची, अर्थात पाठीमागे, म्हणजे नाकापासून सुरक्षित अंतरावर. आदल्या रात्रीचा वास लपवायला काही जण लवंगा चघळत यायचे आणि नेमके तिथेच फसायचे. लवंगेचा वास आला की फूसाहेब खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि दुसऱ्यांदा फू करायला सांगायचे. "लवंग हा पुरावा आहे," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं एकदाही खोटं ठरलं नव्हतं. त्यांनी स्वतः आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नव्हता. वासाने मात्र त्यांना तिचं सगळं खानदान पाठ होतं.

आता हे नाक बेकार होतं. सासूबाई गेल्यापासून सासरे त्यांच्या शहरात एकटेच राहत होते, जिन्याच्या वरच्या दोन खोल्यांत. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी त्याच जिन्यावरून पाय घसरला, आणि शेजारी कामावरून परत येईपर्यंत ते तसेच पायऱ्यांवर पडून राहिले. हाड मोडलं नाही हे नशीब. पण ही गोष्ट कळल्यापासून थेंबेच्या बायकोचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिने जाऊन बापाला गाडीत घातलं आणि घरी आणलं. सासरे यायला तयार झाले ते एका अटीवर. दोन आठवडे राहून बघेन, मन रमलं तर राहीन, नाही रमलं तर दादाने येऊन मला माझ्या घरी सोडायचं. दादा म्हणजे थेंबेचा मेहुणा. गावोगाव लिफ्ट बसवत फिरायचं हे त्याचं काम, त्यामुळे त्याच्या घरी बापाला ठेवायचं म्हणजे कुलपाच्या सोबतीला ठेवण्यासारखं होतं.

मन काही रमलं नाही. थेंबेने त्यांच्यासोबत बुद्धिबळ मांडलं, तर ते सगळी प्यादी एका रांगेत उभी करून तपासत बसायचे. त्याने त्यांना आपली प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिथे त्यांनी पाण्याचा वास घेतला, काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर दोन दिवस थेंबेच्या मनात पाण्याबद्दल संशय राहिला. एरवी ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. खिडकीतून बसचा थांबा दिसायचा. "लेट," असं म्हणायचे, आणि पुढची बस आली की पुन्हा "लेट." पायाशी बॅग भरलेली असायची. बायको रोज सकाळी विचारायची, बाबा, रमतंय का मन? बाबा रोज सकाळी मान हलवायचे, आणि ती बेकरीत जाऊन पिठावर राग काढायची. त्या दोन आठवड्यांत तिचा पाव फार हलका होत होता, असं गिऱ्हाइकं म्हणत.

मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला. थेंबे घरी होता. बायकोला मात्र केकची मोठी मागणी होती, ती भल्या सकाळीच गेली होती. दुपारी तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पण तिला नवऱ्याला निरोप धाडावासा वाटला. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. मग तिने फोन फळीवर उभा केला आणि त्याच्याशी बोलली, म्हणजे ती बोलेल ते फोन लिहून पाठवील. ती म्हणाली, दादा संध्याकाळी येतोय, तोवर बाबांना रमवा, गरम काहीतरी द्या.

फोन हुशार होता, पण मराठी कच्चं होतं. थेंबेला मिळालेला निरोप असा होता: 'दादा संध्याकाळी येतोय तोवर बाबांना रम वा गरम काहीतरी द्या.'

थेंबेने तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. एखादा लेखक असता तर त्याला शंका आली असती, की घरातली माणसं एकमेकांशी बोलताना 'वा' कुठे वापरतात? पण थेंबेची हयात कार्यालयीन कागद वाचण्यात गेली होती. तिथे 'गाळ वा तत्सम पदार्थ', 'दुर्गंधी वा अन्य तक्रार' हे रोजचंच. त्यामुळे 'रम वा गरम' यात त्याला वावगं काही दिसलं नाही, उलट बायकोचं लिखाण सुधारलंय असं वाटलं. धक्का बसला तो मजकुराचा. फूसाहेबांना रम? पण मुलगीच म्हणते म्हणजे काहीतरी असणार, डॉक्टरांशी बोलली असेल, थंडीवर सांगितली असेल. आपण पडलो जावई, आपण कोण विचारणार? तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याने एका शब्दाचा प्रश्न पाठवला: 'किती?'

बायको कणकेशी झटापट करत होती. तिला वाटलं, किती वेळ असं विचारतोय. उत्तर आलं: 'मी येईपर्यंत चालू ठेवा मध्ये थांबलात की ते बॅग उचलतात.'

आता शंकेला जागाच उरली नाही. थेंबे उठला, शर्टाच्या बाह्या सारल्या, आणि आधी खिडकीशी जाऊन अंदाज घेतला. थेट विचारणं बरं दिसलं नसतं.

"बाबा, आज जरा रमायचं का?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया होती. "तुम्ही मनापासून करताय, जावईबापू. पण या वयात एकदम नाही जमत."

"एकदम नाहीच. थोडं थोडं."

"बघा," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर वळले. "लेट."

हा नकार नव्हता. थेंबेच्या हिशेबी ती संमतीच होती, आणि तो स्वयंपाकघराकडे निघाला. रम घरात होती. बायको केकसाठी सुका मेवा रममध्ये भिजवायची, त्याची मोठी बाटली सगळ्यात वरच्या फळीवर असायची. बाटलीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'केकसाठी. हात लावू नये.' आदेश नवा आला की जुना रद्द होतो, हा कार्यालयाचा नियम थेंबेला ठाऊक होता. राहिला प्रश्न 'रम वा गरम' यांतलं नेमकं काय द्यायचं. सामान्य माणसाने दोहोंपैकी एक निवडलं असतं. मिश्रण हा ज्याचा विषय आहे, त्याने गरम रम करायची ठरवली.

फोनवर कृती सापडली. पाणी, साखर, लोणी, दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल. हे सगळं गरम करायचं, आच बंद करायची आणि शेवटी वरून रम ओतायची. कृतीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की रम उकळू देऊ नये. थेंबे ते वाचून हसला. वीस वर्षं तो लोकांना एकच गोष्ट सांगत आला होता, की पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. रमसाठी नियम बदलतो की काय? उगाच म्हातारपणी पोट बिघडलं तर नाव जावयाचं. त्याने पातेल्यात सगळं एकत्र घातलं, रमसुद्धा घातली, आणि खालची आच मोठी करून पातेलं खळखळ उकळायला ठेवलं.

उकळलेल्या रममधून तिचा जीव वाफेवाटे निघून जातो, हे थेंबेला शाळेत शिकवलेलं होतं आणि पुढे नोकरीतही उपयोगी पडलं होतं. पण माणूस स्वयंपाकघरात शिरला की शिकलेलं बाहेरच राहतं. त्याने चमचाभर चाखून बघितलं. लागलं ते सुगंधी पाणी. त्याने आणखी रम ओतली आणि पुन्हा उकळली. पुन्हा पाणीच. जायफळ वाढवलं, साखर वाढवली, बाटली तिरकी केली. पाण्याचा नमुना तपासताना तो कधी प्यायचा नाही, पण इथे नळी नव्हती, रंग बदलायचं औषध नव्हतं, तेव्हा जिभेवरच भिस्त ठेवावी लागत होती. एका उकळीचा नमुना घेईपर्यंत दुसरी उकळी यायची. हळूहळू थेंबेला स्वतःचं काम फार आवडायला लागलं. तो गुणगुणायला लागला.

तेवढ्यात पातेल्याच्या कडेने वाफ खाली उतरली, आचेला भेटली, आणि फक्क असा आवाज होऊन पातेल्यावर निळी ज्योत नाचायला लागली. थेंबे नेमका नमुना घ्यायला वाकलेला होता. त्याने झाकण टाकून आग विझवली, ती शिताफीने विझवली हे कबूल केलं पाहिजे. पण डाव्या भुवईचा अर्धा भाग त्या निळ्या ज्योतीबरोबर गेला.

या अपघातातून त्याने एवढाच बोध घेतला, की उरलेली रम आच बंद करूनच घालावी. आणि त्याने ती घातली. बाटली रिकामी होईपर्यंत घातली. आता मात्र चव आली, आणि अशी आली की चमचा हातातून सुटला.

थंडीमुळे घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. वाफ जाणार कुठे? ती स्वयंपाकघरातून बैठकीत आली, सोफ्यावरून फिरली आणि खिडकीशी बसलेल्या त्या निवृत्त नाकापर्यंत पोचली.

दोन आठवडे जो माणूस खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात मागत होता, तो एकटा उठला. थेंबे वळून बघतो तो सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे. पाठ ताठ, डोळे मिटलेले, नाक वर. त्यांच्या डोक्यात आत्ता पहाटेचा डेपो उभा होता हे सांगायला नको.

"लवंग," ते म्हणाले.

"थोडीशीच," थेंबे म्हणाला. "बाकी दालचिनी आहे, जायफळ आहे."

"लवंगेच्या खाली काय आहे?"

तपासलेल्या नमुन्यांनी थेंबेचा स्वभाव फार सरळ झाला होता. त्याने पेला भरून पुढे केला आणि सांगितलं, की रम आहे, आणि ती तुमच्यासाठीच केली आहे. सासऱ्यांनी डोळे उघडले. आपल्यासाठी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. थेंबेने सांगितलं, की ही त्याची कल्पना नाही, हिचा हुकूम आहे. आणि पुरावा म्हणून फोन त्यांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी फोन लांब धरून निरोप वाचला. खालचाही वाचला. मी येईपर्यंत चालू ठेवा, मध्ये थांबलात की ते बॅग उचलतात. हे वाचून त्यांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर थेंबेला बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत.

"जन्मभर ज्याच्यापासून लोकांना लांब ठेवलं," ते हळू आवाजात म्हणाले, "ते पाजून माझी मुलगी मला इथं ठेवून घेणार?"

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला, आत गेले, कोट चढवला आणि दार लावून घेतलं. थेंबेला खरंच वाईट वाटलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे त्याला उरलेल्या शुद्धीतही कळलं. डोळ्यांपुढे तो जिना आला, पायऱ्यांवर पडलेला म्हातारा आला, आणि रात्रभर छताकडे बघत पडलेली बायको आली. त्याने बायकोला फोन लावला. तो बेकरीच्या फळीवर वाजत राहिला, कारण ती भट्टीपाशी होती. पातेलं मोरीत ओतावं म्हणून त्याने उचललं, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मग ते त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलं, शेजारी तो भरलेला पेला ठेवला आणि दार उघडलं.

दारात दादा. दार भरून उरेल एवढा माणूस, पण थंडीने पार आकसला होता. गाडीचा हीटर वाटेतच बंद पडला, म्हणाला, बोटं वळत नाहीत, नाक आहे की गळून पडलं तेही कळत नाही. आणि हे सांगता सांगता त्याला टेबलावरचा वाफाळता पेला दिसला. थेंबेने तोंड उघडलं. शब्द बाहेर येईपर्यंत पेला रिकामा झालेला होता.

"काय चहा केलाय!" दादा म्हणाला. "यात घातलंय काय?"

"सगळं," थेंबेने प्रामाणिकपणे सांगितलं.

सर्दीने दादाचं नाक चोंदलेलं होतं, त्यामुळे वासाची अडचण आली नाही. त्याने दुसरा पेला स्वतःच ओतून घेतला. थेंबे म्हणाला, हा चहा नाही. दादा म्हणाला, असला तर असा असावा. तिसऱ्या पेल्याला त्याच्या गालांवर रंग आला आणि त्याने मेहुण्याला मिठी मारली. तुझ्यासारखा माणूस आमच्या घराण्यात आला हे आमचं भाग्य, असं तो म्हणाला. लग्नापासून इतक्या वर्षांत तो थेंबेशी एवढं बोललेला नव्हता. भुवईला काय झालं, असंही त्याने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्याला हसू फुटलं.

आतलं दार उघडलं. सासरे कोट घालून, हातात बॅग घेऊन बाहेर आले. थेंबेकडे त्यांनी बघितलंही नाही. "चल," एवढंच ते दादाला म्हणाले.

दादाने खिशातून गाडीची चावी काढली आणि बॅग घ्यायला वाकला. वाकताना त्याचं तोंड बापाच्या नाकाजवळून गेलं. सासऱ्यांनी बॅग सोडली नाही.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले. "फू कर."

"बाबा, मी काय ड्रायव्हर आहे?"

"चावी कुणाच्या हातात आहे?"

पन्नाशीला आलेल्या, हाताखाली बारा माणसं राबवणाऱ्या दादाने लहान मुलासारख्या टाचा जुळवल्या आणि फू केलं. सासऱ्यांनी डोळे मिटले. थेंबेला वाटलं, रंग बदलायची वाट बघताना आपणही असेच दिसत असू.

"वर संत्रं आहे," सासरे म्हणाले. "मग दालचिनी. मग लवंग. आणि लवंगेच्या खाली तुम्ही लोक जे लपवता ते आहे. चावी इकडे."

"बाबा, चहा होता तो."

"सगळे चहाच घेतात. चावी."

चावी त्यांच्या कोटाच्या खिशात गेली. मग त्यांनी थेंबेला पुढे बोलावलं. थेंबेने फू केलं. त्याचा निकाल द्यायला वेळ लागला नाही, अर्धी भुवई साक्षीला होतीच. जबाब सुरू झाले. किती घेतली, कधी घेतली, कुणी दिली? दादा म्हणाला थेंबेने दिली, थेंबे म्हणाला दादाने स्वतः घेतली, आणि दोघेही एकमेकांना टेकून उभे होते. सासरे मात्र टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होते, कुणाचाही हात न धरता.

अशा वेळी थेंबेची बायको घरी आली. दिवसभर तिने मनाशी तयारी केली होती, की बाबा बॅगेवर बसलेले असतील, आपण रडायचं नाही. बघते तो नवरा आणि भाऊ भिंतीशी उभे केलेले, आणि बाप साहेबासारखा समोर. तिला काही विचारायची संधीच मिळाली नाही.

"तूही ये इकडे. फू कर."

ती हसून पुढे झाली आणि तिने फू केलं. आता ती सकाळपासून केकसाठी मेवा बेकरीतल्या रममध्ये भिजवत होती. हाताला, केसांना, कपड्यांना, सगळीकडे तोच वास. शिवाय मेवा नीट मुरलाय का, हे चाखूनच कळतं. सासऱ्यांनी वास घेतला आणि खुर्चीचा आधार घेतला.

"तूसुद्धा?"

"बाबा, मी केक करत होते."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "हा चहा पीत होता, हे गरम पाणी करत होते आणि तू केक करत होतीस."

मग निरोपाचा उलगडा झाला. बायकोने ओट्यावरचा फोन उचलला, वाचला, आणि जमिनीवर बसून हसली. मी रमवा म्हटलं होतं, असं ती पुनःपुन्हा सांगत होती. रमवा, गरम काहीतरी द्या. रमवा हा एक शब्द आहे, त्यात 'वा' कुठून आला? थेंबे म्हणाला, मलाही वाटलं होतं तुझं लिखाण एकदम कसं सुधारलं. हसता हसता तिची नजर ओट्यावरच्या रिकाम्या बाटलीवर गेली, तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या चिठ्ठीवर गेली, आणि हसू तिथेच थांबलं. तिला वाटलं, आता हे सगळं मिटलं तरी बाबा जाणारच. ती उठली आणि म्हणाली, "बाबा, राग धरू नका. रात्र इथेच काढा, सकाळी दादा सोडेल तुम्हाला."

सासऱ्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. "कुणाला सोडेल?"

"तुम्हाला. तुमच्या घरी."

"आणि इथं कोण बघणार?" ते म्हणाले. मुलगा, जावई, मुलगी, तिघांकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं. "सगळा डेपो बिघडलाय. एक माणूस गाडी काढायच्या लायकीचा नाही, आणि मी जिना चढून खोलीत जाऊन बसू? माझी बॅग आत नेऊन ठेवा. टेबल दाराशी लावा."

निरोप चुकीचा होता हे त्यांना पटलं का, असं कुणी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, की निकाल नाकाचा असतो, फोनचा नसतो. बायको त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा मात्र त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. केसांचा वास येत होता, तरी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला चावी मिळाली, दोनदा फू केल्यानंतर. तेव्हापासून घरातल्या सगळ्या चाव्या सासऱ्यांच्या टेबलाच्या खणात असतात. थेंबेच्या स्कूटरची, बायकोच्या बेकरीच्या गाडीची, एवढंच काय पण सायकलच्या कुलपाचीसुद्धा. रोज सकाळी दाराशी उभं राहायचं, फू करायचं, चावी घ्यायची. संध्याकाळी चावी परत, आणि पुन्हा फू. वरच्या मजल्यावर राहणारी नृत्यशिक्षिका एकदा साखर मागायला आली, ती फू करूनच परत गेली. सासऱ्यांच्या तब्येतीने मात्र बाळसं धरलं. बायकोला झोप लागायला लागली. पाव पूर्वीइतका हलका होत नाही, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

परवा सकाळी गाडीची चावी घेता घेता तिने जुना प्रश्न सहज विचारला. "बाबा, मन रमतंय ना आता?"

सासरे वैतागले. "तुमच्या घरात रमायला सवड कुठे मिळते?" ते म्हणाले. "चला, जावईबापू, तुमचा नंबर."

थेंबे पुढे झाला. मन भरून आलेलं होतं. म्हातारा राहिला, बायको झोपते, आणि म्हटलं तर हे सगळं आपल्याच मिश्रणाने झालं, असा विचार करत त्याने ऐटीत फू केलं. आणि मग त्याला आठवलं, की रात्रीपासून आपली दाढ दुखत होती आणि सकाळी आपण दाढेखाली काहीतरी धरलंय.

सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. "लवंग," ते म्हणाले.

खण बंद झाला. त्या दिवशी थेंबे बसने कामाला गेला. बस लेट होती.